स्तोत्र एकोणसत्तर, ओवी पाच

३१ डिसेंबर १९७७, शनिवार

चिठ्ठ्या झाल्या. अकरा घरं, एकेचाळीस माणसं, एकेचाळीस चिठ्ठ्या. काळी शाई, बारीक निब, चारही कडा पट्टीनं कापलेल्या. एकही दुसरीपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी नाही.

इथे उत्तरेत, आमच्या छावणीतल्या मराठी ख्रिस्ती प्रार्थनासभेत नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला डबीतून एकेक चिठ्ठी काढायची आणि निघेल ते वचन वर्षभर आपलं मानायचं, असा रिवाज आहे. आजवर हे काम लीलावतीबाईंकडे होतं. निवृत्त नर्स. त्या आख्खं वचन लिहीत, वर गुलाबाचं चित्र चिकटवत, आणि 'परमेश्वर' दर वर्षी वेगळ्या तऱ्हेनं लिहीत. दोन वर्षं मी सांगत होतो. यंदा डबी माझ्याकडे आली.

मी फक्त स्तोत्राचा आणि ओवीचा आकडा लिहिला आहे. मधुमती म्हणाली, अहो, पूर्ण लिहा ना, बायकांना बरं वाटतं. बरं वाटण्यासाठी मिठाईची दुकानं आहेत. वचन हवं असेल त्यानं पुस्तक उघडावं.

सगळी वचनं मी थेट मूळ हिब्रूतून निवडली. मॅट्रिक नापास माणसानं, संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर काच फुंकून, रद्दीतून आणलेल्या एका व्याकरणावर सहा वर्षांत ही भाषा बसवली. बायबलचं मराठी भाषांतर मी चार वर्षांत उघडलेलं नाही. गरजच नाही. मूळ किती काटेकोर आहे याचं एक उदाहरण लिहून ठेवतो: स्तोत्राच्या डोक्यावर 'संगीतप्रमुखासाठी, दाविदाचं' असा मथळा असतो, तोसुद्धा तिथे बहुतेक ठिकाणी पहिली ओवी म्हणून मोजतात. काही म्हणजे काही वाया घालवत नाहीत. अशी माणसं मला आवडतात.

१ जानेवारी १९७८, रविवार

डबी फिरली. मला निघालं ते मी पुस्तक न उघडता म्हणून दाखवलं. सगळ्यांची नजर चहाच्या ट्रेवर. इथे विद्वत्तेची कदर म्हणजे चहा गार होण्याची काळजी.

हेमाला निघाली पंचावन्न, तेवीस. एकेचाळीसांतली सगळ्यात उत्तम. 'तुझा भार परमेश्वरावर टाक, तो तुला सांभाळील.' नवरा नायक संग्राम डोंगरात पोस्टिंगवर, हिला सहावा महिना, क्वार्टरमध्ये एकटी. तिच्यासाठी मापानं शिवल्यासारखं वचन. तिनं पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं आणि शाल ओढून बाहेर गेली. आभार नाहीत, काही नाही.

नवऱ्याचंच वळण. नोव्हेंबरात, जाण्याच्या आदल्या रविवारी, तो भर सभेत म्हणाला होता, "काका, देवाला मराठी येत नाही का?" सगळे खो खो हसले. मी एवढंच म्हणालो की बंदूक धरणाऱ्यानं बंदूक धरावी, गोळी लागेल तेव्हा कुठल्या भाषेत ओरडायचं ते ठरवावं. मग कुणी हसलं नाही. खरं बोललं की हसू थांबतं.

सुभेदार भांबळ, ज्यांच्या घरी सभा भरते, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की त्यांच्या चिठ्ठीवर चौथं स्तोत्र, नववी ओवी आहे, पण त्यांच्या पुस्तकात चौथं स्तोत्र आठ ओव्यांतच संपतं. पान फाटलं असेल म्हणालो. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाच्या पुस्तकाची आणखी काय दशा असणार.

८ जानेवारी, रविवार

आज चहाचा ट्रे माझ्यापर्यंत आला आणि रिकामा होता. योगायोग असेल. मग बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना एकेक जागा मोकळी राहिली. एकेचाळीस माणसांच्या खोलीत दोन जागा योगायोगानं मोकळ्या राहत नाहीत.

उपासना संपल्यावर सुभेदार म्हणाले, त्या पोरीची चिठ्ठी बदलून द्या. मी विचारलं, का? तर म्हणे, का ते तुम्हाला माहीत आहे. मी सांगितलं, मला एवढंच माहीत आहे की ते वचन मी फार विचार करून डबीत टाकलं, आणि देवाचं वचन म्हणजे चारबाग बाजारातले बूट नव्हेत, चावले म्हणून परत करायला.

"मला दिलीत ती ओवीच नाही," सुभेदार म्हणाले, "आणि तिला दिलीत ती नसती तर बरं झालं असतं."

फौजी माणूस. वाक्य जुळवलं की लढाई जिंकल्यासारखं वाटतं.

फाटकाशी हेमा उभी होती. मी स्वतःहून थांबलो. म्हणालो, "ते वचन पाठ कर. रोज सकाळी संग्रामचं नाव घेऊन म्हणत जा. फरक पडेल." ती माझ्याकडे बघतच राहिली. नंतर लीलावतीबाईंनी तिला खांद्याला धरून नेलं, जसं काही मी मुलीला चावणार होतो.

११ जानेवारी, बुधवार

संस्थेत पुण्याहून आलेले एक तरुण डॉक्टर फुटका काचेचा कंडेन्सर घेऊन वर्कशॉपमध्ये आले. रॅकवर ठेवला होता, कुणी हात लावला नाही, आपोआप तडकला म्हणे. पीएचडी आहेत. मी त्यांना सांगितलं, काच कधी उगाच तडकत नाही. कुणीतरी ती तापवून घाईनं बाहेर काढलेली असते, हळूहळू निववलेली नसते. ताण आत राहतो. दिसत नाही. ज्यानं केलं तो विसरून जातो आणि काच महिन्यानं फुटते. तेव्हा फुटण्याचं कारण शोधायचं तर रॅकपाशी शोधू नका, मागे जा.

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग कळलं की कंडेन्सर त्यांनीच गरम असताना नळाखाली धरला होता. डिग्र्या वाटतात, अक्कल वाटत नाहीत.

१५ जानेवारी, रविवार

कोहरा इतका की सायकलचं पुढचं चाक दिसेना, तरी गेलो. मी आत शिरलो तेव्हा गाणं मध्येच खाली आलं आणि मग पुन्हा वर गेलं. मधुमतीला बाजारात लीलावतीबाई भेटल्या होत्या. तिला म्हणाल्या की तुझ्या नवऱ्याच्या हातात काच वितळते, काळजात नाही. मधुमतीनं हे मला जेवताना सांगितलं, पोळी वाढायच्या आधी.

मी या लोकांचं काय बिघडवलं आहे? प्रामाणिकपणे विचार केला, एक ते दहा आकडे घालून यादी करायला बसलो. एक हा आकडा लिहिला आणि पुढे काही सुचलं नाही. गुलाबाची चित्रं बंद केली, हा गुन्हा असेल तर तो कबूल.

सभेत वचनाचा अभ्यास सांगायची माझी पाळी १२ फेब्रुवारीला आहे. नऊ वर्षांत पहिली. विषय ठरला: स्तोत्र एकोणसत्तर, ओवी पाच. 'माझ्या डोक्यावरच्या केसांहून जास्त आहेत ते, जे विनाकारण माझा द्वेष करतात.' मूळ शब्द 'हिन्नाम'. फुकट, काही घेतलं-दिलं नसताना. तीन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी अशीच मंडळी भेटली होती.

२० जानेवारी, शुक्रवार

ओवीचे तीन भाग पडतात. पहिला झाला. दुसरा, 'खोट्या कारणानं माझे वैरी झालेले बळावले आहेत.' सोपा आहे. तिसरा मात्र विचित्र: 'जे मी लुटलं नाही, ते मला परत द्यावं लागतं.' का द्यावं? चार दिवस यावर अडलो आहे. न घेतलेली वस्तू माणूस परत देईल कुठून?

आमची लेक उल्का कॉलेजातून आली, टेबलावरचे कागद वाचले. मराठी वाचते, पण बोलेल तर शपथ. म्हणाली, "केसांहून जास्त? फिर तो पापा, आपके दुश्मन गिने-चुने ही हुए." आणि माझ्या टकलाकडे बघून आत पळाली. आईसुद्धा हसली. घरातही.

२९ जानेवारी, रविवार

हेमा सभेला आली नाही. वरच्या रस्त्यावर बर्फ आहे, तीन आठवडे संग्रामचं पत्र नाही. ती जेवत नाही, म्हणून मधुमती तिच्याकडे मुगाची खिचडी घेऊन गेली. परत आली आणि म्हणाली, "तिला नेमकं काय दिलंत तुम्ही?"

मी ती ओवी हिब्रूत म्हणून दाखवली, मग अर्थ सांगितला. भार परमेश्वरावर टाक.

"मग ती रडते कशाला?"

मी म्हणालो, भार टाक म्हटल्यावर काही लोकांना आपल्याला भार आहे हे पहिल्यांदा कळतं. मधुमतीनं तिच्याकडे चिठ्ठी मागितली होती. तिनं दाखवली नाही. म्हणाली, तुमच्याच घरून आलेली आहे काकू, तुम्हाला काय दाखवू.

रडायला निमित्त लागतं, बाकी काही नाही. फौजीची बायको आणि पत्र उशिरा आलं म्हणून उपाशी. उद्या टपालखात्याविरुद्धही स्तोत्र मागेल.

खिचडीचा डबा भरलेलाच परत आला होता. मधुमतीनं तो बराच वेळ ओट्यावर तसाच ठेवला.

५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सुभेदारांचा निरोप आला: वाटल्यास यंदाची पाळी राहू द्या, लोकांची मनं तयार नाहीत. मी उलट निरोप धाडला की माझं मन तयार आहे आणि कागद चौदा आहेत.

दुपारी सूचनाफलकावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: '१२ फेब्रुवारी. अभ्यास: स्तोत्र ६९:५. सादर करणार चा. ब. आढाव.'

आणि काय सांगावं. लीलावतीबाईंनी फलक वाचला, पिशवीतून पुस्तक काढून पाहिलं, तिथेच उभ्या राहून. मग थेट माझ्याकडे आल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "चारुदत्तभाऊ," म्हणाल्या, "उशिरा का होईना." डोळ्यांत पाणी. सुभेदारांनी पुस्तक त्यांच्याकडून घेऊन वाचलं आणि म्हणाले, याला छाती लागते, साहेब. चहाचा पहिला कप मला मिळाला. वर बिस्किट.

म्हणजे ओवी वाचली आणि आपण कोण ते ओळखलं. आरसा दाखवला की माणसं अशी नरमतात. पाच आठवड्यांचा ताठा एका आकड्यानं उतरला. शरण आलेल्यांवर मी वार करत नाही, पण पाचव्या पानावरचा लीलावतीबाईंचा परिच्छेद मात्र काढणार नाही. तो चांगला उतरला आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते क्रमानं लिहितो. क्रम चुकता कामा नये.

खोली भरली होती. अकराच्या अकरा घरं. हेमालाही आणलं होतं, पुढच्या रांगेत, लीलावतीबाईंच्या शेजारी. गाल बसलेले, पोट पुढे आलेलं. मी चौदा पानं हातात घेऊन उभा राहिलो. अभ्यासाआधी ओवी कुणीतरी मोठ्यानं वाचायची असते. लीलावतीबाई उठल्या, मराठी पुस्तकातून सावकाश वाचलं:

"हे देवा, माझा मूर्खपणा तुला ठाऊक आहे, माझी पापं तुझ्यापासून लपलेली नाहीत."

आणि खाली बसल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाईट नजरेनं नव्हे. ते सगळ्यात कठीण होतं.

मी म्हणालो, बाई, ओवी चुकली. त्यांनी पुस्तक तसंच उघडं माझ्याकडे दिलं. एकोणसत्तर. पाच. बरोबर होतं. माझी ओवी, विनाकारण द्वेष करणाऱ्यांची, तिच्या वर होती. तिच्यापुढे चार आकडा होता.

मी पानाच्या डोक्याकडे गेलो. मथळा होता. बारीक अक्षरात. त्याला आकडा नव्हता.

मापं घेणाऱ्या माणसाला कुठे चुकलं ते शोधायला वेळ लागत नाही. सुभेदारांची चौथ्या स्तोत्रातली नववी ओवी. आठच असणार. मग पंचावन्न. पानं उलटली. बाविसावी: तुझा भार परमेश्वरावर टाक. तेविसावी:

'हे देवा, तू त्यांना खोल गर्तेत लोटशील; रक्तपात करणारी कपटी माणसं आपलं अर्धं आयुष्यही जगणार नाहीत.'

शिपायाची बायको. आणि नोव्हेंबरात गोळीबद्दल बोललेला मी.

मी मान वर केली. बोलायला तोंड उघडलं. 'मथळा' एवढाच शब्द निघाला. दुसऱ्यांदा तोही नाही. चौदा पानं हातात होती, त्यांतलं एकही वाक्य त्या खोलीत म्हणण्यासारखं नव्हतं. किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं राहून गेलं, माझ्या हातून असं होत नाही. शेवटी सुभेदार हळू आवाजात 'आमेन' म्हणाले, आणि सगळे म्हणाले, आणि गाणं सुरू झालं.

बाहेर पडताना तिघाचौघांनी पाठीवर हात ठेवला. इतकं चांगलं पापनिवेदन सभेत आजवर झालं नव्हतं, असं सुभेदार मधुमतीला म्हणाले. मी पापनिवेदन केलंच नाही. यांना मौन आणि कबुली यांतला फरक कळत नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. सोळा वर्षांत आजाराशिवाय पहिली.

सकाळी एकेचाळीस आकडे मराठी पुस्तकाशी ताडून पाहिले. सत्तावीस चिठ्ठ्या एक घर पुढे सरकलेल्या. बहुतेकांचं काही बिघडलं नाही, शेजारची ओवीही बरीच निघाली. एकच घात करणारी होती आणि ती त्या एका हातात गेली. मोजणी मुळाप्रमाणे बरोबरच होती, हे इथे नोंदवतो. मराठीवाल्यांनी मथळा मोजायला हवा होता.

मग नवी चिठ्ठी केली. पूर्ण वचन, मराठी, त्यांच्याच पुस्तकातलं. सायकल काढली आणि हेमाच्या क्वार्टरवर गेलो. दार तिनंच उघडलं. बसा म्हणाली, पाणी दिलं. मी उभाच राहून समजावलं: मथळा, मोजणी, एकाचा फरक, मूळ आणि भाषांतर. नीट, पायरीपायरीनं. तिला त्यातलं काही नको होतं. चिठ्ठी वाचत होती.

"म्हणजे माझं हे होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

ती दोनदा वाचून झाली. "तुम्ही सांगितलं होतं, रोज सकाळी त्यांचं नाव घेऊन म्हण," ती म्हणाली. "तीन दिवस म्हटलं, काका. मोठ्यांनी सांगितलंय म्हणून. चौथ्या दिवशी तोंडात नाव येईना."

मी पाण्याचा पेला ठेवला. कुठे ठेवला ते दिसत नव्हतं.

"मग माझ्या मनात आलं, नाव घेतलं ते पोचलं असेल का. वरती."

मला हिब्रू येतं. ग्रीक थोडं येतं.  मी म्हणालो, चूक माझी आहे. हे वाक्य मी कोणत्याही भाषेत पूर्वी म्हटल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, बसा ना, चहा टाकते. आणि आत जाऊन, मला ऐकू येईल असं नको म्हणून नळ सोडून, रडली. मला ऐकू आलं.

चहात साखर जास्त होती. सगळा प्यालो. तिनं माझ्यासमोर दोन टोस्ट खाल्ले.

१९ फेब्रुवारी, रविवार

पत्र आलं. रस्ता उघडला, तीन पत्रं एकदम. संग्राम ठणठणीत आहे, पायाच्या एका बोटाला थंडी लागली आहे एवढंच. ताजं पत्र ४ तारखेचं आहे. त्यात लिहिलंय, डबीतून आपल्याला काय निघालं ते कळव, इथे दोघंतिघं विचारतात, आणि काकांना सांग, देवाला हिब्रू येत असेल तर बर्फ कमी करायला सांगा.

अजूनही थट्टा. फालतू माणूस. आवाज मात्र चांगला आहे त्याचा, गाण्याला कमी जाणवतो.

पुढच्या वर्षी डबी पुन्हा लीलावतीबाईंकडे. गुलाब परत येणार. मी फक्त 'परमेश्वर' तपासून देईन, असं ठरलं. चहा मला तिसरा मिळाला, ही माझी पूर्वीची जागा.

हेमानं विचारलं, संग्रामला पाठवायला ते वचन तुमच्याच अक्षरात लिहून द्याल का, माझं अक्षर थरथरतं. सुभेदारांच्या टेबलावर बसून लिहिलं. सगळे भोवती उभे होते, लिहिताना मला लोक उभे राहिलेले खपत नाहीत, तरी लिहिलं. हेमा म्हणाली, खाली नंबर घालायचा का?

घरी येऊन चौदा पानं पाहिली. तिसऱ्या भागाच्या समासात मी जानेवारीत लिहिलं होतं, 'न घेतलेली वस्तू परत देणार कुठून?' त्यावर एक रेघ ओढली. पट्टी न घेता.

त्या वचनाखाली नंबर घातला नाही.